प्रस्तावातली क्रियापदं

संशोधनासाठी निधी मागणाऱ्या प्रस्तावाचा मसुदा तयार झाला, की त्याची एक प्रत छापून घ्यावी, उद्देशांच्या पानावर यावं आणि प्रत्येक उद्देशातलं क्रियापद तेवढं पेन्सिलीनं अधोरेखित करावं. प्रस्ताव बहुधा इंग्रजीतच लिहिलेला असतो, त्यामुळे ‘टू स्टडी’, ‘टू एक्सप्लोर’, ‘टू अंडरस्टँड’ अशी क्रियापदं निघतात. अभ्यास करणे, धांडोळा घेणे, समजून घेणे. तिन्ही शब्द चांगले आहेत, पण तिघांनाही शेवट नाही. अभ्यास जन्मभर करता येतो आणि एका दुपारीही उरकता येतो. पैसे देणाऱ्या संस्थेला तीन वर्षांनी एवढंच विचारायचं असतं, की ठरलेलं काम झालं का? ‘अभ्यास झाला का’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तरच नसतं. ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे, त्यासाठी तीस-चाळीस लाख रुपये कोण देईल?

मोजणे, वेगळे करणे, तुलना करणे, निवडणे, जमा करणे ही कामाची क्रियापदं. यांतलं प्रत्येक काम फसू शकतं, म्हणूनच ते झालं की झालेलं दिसतं. चांगल्या प्रस्तावाची पहिली खूण मला इथेच दिसते. बजेट, वेळापत्रक, माणसं, यंत्रं हे पुढचं सगळं या क्रियापदांतून निघायला हवं. जे त्यांतून निघत नाही ते उपरं असतं, आणि ते परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरू. समजा, सोलापुरातल्या एका महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला डाळिंबावरच्या तेल्या रोगावर प्रस्ताव लिहायचा आहे. तेल्या म्हणजे झँथोमोनास प्रजातीतल्या जिवाणूमुळे होणारा करपा. पानावर आणि फळावर तेलकट डाग पडतात आणि पुढे फळ इंग्रजी ‘एल’ किंवा ‘वाय’ अक्षरासारखं उकलतं. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीतली. आज सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या बागाईतदाराला तो सांगावा लागत नाही. या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण वर्षानुवर्षं फवारलं गेलं. माणसाच्या औषधांना जिवाणू दाद देईनासे होतील, या चिंतेतून केंद्र सरकारनं शेतीतल्या त्याच्या वापरावर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. मग शेतकऱ्यानं काय फवारायचं? जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज, ही एक शक्यता आहे. प्राध्यापिकेला त्यावर काम करायचं आहे. कल्पना चांगली आहे आणि वेळही योग्य आहे. प्रस्ताव मात्र अजून कोसभर लांब आहे.

तो कोण वाचणार, हे आधी ध्यानात घ्यावं. आपल्याकडे २००८ च्या कायद्यानं संशोधनाला निधी देणारं सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड, म्हणजे सर्ब, स्थापन झालं. २०२३ च्या कायद्यानं त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली. योजनांची नावं बदलली, पोर्टल बदललं, पण वाचण्याची रीत साधारण तीच राहिली. आधी बाहेरचे काही तज्ज्ञ प्रस्ताव वाचून लेखी मत आणि गुण देतात, मग विषय-समिती बसते. तज्ज्ञ स्वतःची अध्यापनाची आणि प्रयोगशाळेची कामं सांभाळून, विनामोबदला किंवा नाममात्र मानधनावर वाचत असतो. समितीसमोर दिवसभरात इतके प्रस्ताव असतात, की एकेकाच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. शिवाय समितीतले दहापैकी आठ जण आपल्या नेमक्या विषयातले नसतात. कोणी वनस्पतिशास्त्राचा, कोणी किण्वनाचा, कोणी रोगप्रतिकारशास्त्राचा. तपशिलाचं पान त्यांतला एखादाच उघडतो. बाकीचे सारांश वाचतात, उद्देश पाहतात आणि बजेटवर नजर टाकतात. म्हणून सारांश सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहावा. पहिल्या तीन वाक्यांत रोग, अडचण आणि प्रश्न यावा. चौथ्यात आपण काय करणार आणि पाचव्यात तीन वर्षांनी हातात काय असेल, हे यावं. ‘अनादिकाळापासून डाळिंब हे मानवाचे आवडते फळ आहे’ अशी सुरुवात करून ही जागा वाया घालवू नये.

त्यानंतर जगात आणि देशात या विषयावर काय झालं आहे, तो भाग. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘भारतात या विषयावर काम झालेले नाही’ हे वाक्य. ते बहुतेकदा खोटं असतं, आणि ज्यानं ते काम केलेलं असतं त्याच्याचकडे प्रस्ताव मतासाठी जाण्याची शक्यता दाट असते. तेल्यावर तर सोलापुरातच, केंद्र सरकारनं २००५ साली स्थापलेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं काम आहे. त्यांच्याबद्दल चकार शब्द न काढता लिहिलेला प्रस्ताव अज्ञान तरी दाखवतो किंवा आकस. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या झँथोमोनासविरुद्ध फाजचं एक उत्पादन २००५ सालीच नोंदणी होऊन बाजारात आलं, हेही सांगायलाच हवं. ते सांगितल्यानं आपली कल्पना लहान होत नाही. उलट, ती चालू शकते याला आधार मिळतो.

मग आपलं वेगळेपण कशात? ‘कोणी केलं नाही’ एवढंच म्हटलं तर ‘करण्यासारखं नसेल’ असा अर्थही निघू शकतो. पोकळी प्रश्नाच्या रूपात दाखवावी आणि जमलं तर त्या प्रश्नात आकडा असावा. फाज सूर्यप्रकाशात, विशेषतः अतिनील किरणांत, लवकर निकामी होतात हे माहीत आहे. मग प्रश्न असा होतो: सोलापूरच्या उन्हात डाळिंबाच्या पानावर फवारलेल्या फाजांची संख्या किती तासांत एक दशांश होते, आणि तेवढ्या वेळात ते रोग आटोक्यात आणू शकतात का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तरी ते उपयोगाचं आहे, कारण पुढच्या माणसाचे पैसे आणि तीन वर्षं वाचतात. प्रश्न लिहून झाला की संदर्भ पुन्हा एकदा धुंडाळावेत, गेल्या दोन वर्षांतले प्रबंध आणि परिषदांतले सारांशसुद्धा. पोकळी खरी आहे याची खात्री पटली तरच पुढे जावं.

आता उद्देश. तीन पुरेत, चार चालतील. सहा असले की परीक्षक ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ असा शेरा लिहितो, आणि तो बरोबर असतो. आपल्या उदाहरणातले तीन असे लिहिता येतील. पहिला: पंढरपूर, सांगोला आणि मंगळवेढा या तीन तालुक्यांतल्या ३० बागांतून दोन बहारांत, म्हणजे फुलं-फळं धरण्याच्या दोन हंगामांत, २४० नमुने घेऊन तेल्याचे जिवाणू आणि त्यांचे फाज वेगळे करणे. दुसरा: मिळालेल्या फाजांपैकी किमान दहा फाज जिवाणूंच्या ५० संवर्धांवर, म्हणजे वेगवेगळ्या नमुन्यांतून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंवर, तपासून सर्वांत जास्त संवर्ध मारणारे तीन निवडणे आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिकार किती वारंवार उपजतो ते मोजणे. तिसरा: त्या तिघांच्या मिश्रणाचा पानावरचा टिकाव मोजणे आणि रोगाच्या तीव्रतेवरच्या परिणामाची नेहमीच्या ताम्रयुक्त फवारणीशी तुलना करणे.

यात एक सापळा आहे. दुसरा उद्देश पहिल्यावर आणि तिसरा दुसऱ्यावर उभा आहे. फाज मिळालेच नाहीत तर तिन्ही मजले खाली येतात. जाणता परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. तो विचारण्याआधी उत्तर प्रस्तावात असावं, आणि इथे प्राथमिक माहितीचं मोल कळतं. महाविद्यालयात आहे त्या साहित्यात, एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन, पाच बागांतली माती आणि गळालेली पानं आणून फाज शोधावेत. जिवाणूंच्या गालिच्यावर फाजांनी पाडलेली स्वच्छ गोल छिद्रं दिसणाऱ्या दोन पेट्री डिशचा फोटो जोडावा. तो एक फोटो दोन पानांच्या आश्वासनांपेक्षा जास्त बोलतो. जोडीला पर्यायही लिहावा: बागेतल्या नमुन्यांत फाज कमी मिळाले तर अमुक प्रयोगशाळेतून करारानं आणू, त्यांचं संमतिपत्र सोबत आहे. ते पत्र ‘आम्ही सर्वतोपरी सहकार्य करू’ असं मोघम नसावं. काय देणार, किती देणार, कोणत्या अटीवर देणार, हे त्यात असावं.

कार्यपद्धतीच्या भागात लोक किटचं माहितीपत्रक उतरवतात. डीएनए कसा काढतात हे तज्ज्ञाला ठाऊक असतं. त्याला आपले निर्णय हवे असतात. नमुना झाडाच्या कोणत्या भागातून, बागेतली झाडं कशी निवडणार, तुलनेसाठी नियंत्रण म्हणून काय ठेवणार, ओळख कशी पटवणार? तेल्याच्या जिवाणूसाठी, जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या नुसत्या १६एस जनुकावर भागत नाही, कारण त्यावरून जवळच्या जाती नीट वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून जायर-बी जनुकाचा क्रमही पाहू, असं एक वाक्य असलं की लिहिणाऱ्याचा हात कामात आहे हे कळतं. बागेतल्या प्रयोगाची मांडणी नावानिशी आणि आकड्यांनिशी यावी. नुसतं पाणी, कॉपर ऑक्सिक्लोराइड, नुसते फाज, फाज आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी, आणि फाज व तांबं ठरावीक अंतरानं आलटून पालटून, अशा पाच प्रक्रिया. प्रत्येकीच्या चार पुनरावृत्ती, दर पुनरावृत्तीत तीन झाडं. पाच गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे साठ झाडं, आणि दोन प्रक्रियांमध्ये फवारा उडू नये म्हणून मोजणीत न धरलेली सीमेवरची झाडं वेगळी. दुधाची भुकटी का? ती फाजांना उन्हापासून थोडं संरक्षण देते. आलटून पालटून का? तांबं फाजांनाही बाधतं. फवारणी संध्याकाळी का? रात्रीचे तास मिळावेत म्हणून. असे छोटे ‘का’ जिथे जिथे दिलेले असतात, तिथे परीक्षकाचा विश्वास वाढत जातो.

माणसांवरच्या अभ्यासात याच जागी नमुनासंख्या येते. एखाद्या तक्रारीचं प्रमाण आधीच्या अभ्यासांनुसार ४० टक्के आहे आणि आपल्याला ५ टक्क्यांच्या आत चूक हवी आहे, तर आपल्याकडच्या सामुदायिक वैद्यकाच्या पुस्तकांतलं साधं सूत्र वापरता येतं: ४ गुणिले ४० गुणिले ६० भागिले २५, म्हणजे ३८४. दहा टक्के लोक मध्येच गळतील असं धरलं तर ४२७. पण माणसं सुटी न निवडता गावंच्या गावं निवडणार असू, तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. म्हणून संख्या वाढवावी लागते. दुप्पट धरली तर गळतीसकट ८५४. बरेच प्रस्ताव ‘४०० व्यक्ती’ लिहून मोकळे होतात आणि नाकारले जातात. आकडा लहान आहे ही परीक्षकाची तक्रार नसते, तो कुठून आला हे दिसत नाही ही असते. समाजशास्त्राच्या प्रस्तावात, आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेसाठी लिहिताना, ‘हीच गावं का’ या प्रश्नाला असंच उत्तर लागतं.

बजेटकडे लोक कारकुनी काम म्हणून पाहतात आणि शेवटच्या रात्री भरतात. मला ते प्रस्तावाचं सर्वांत बोलकं पान वाटतं, कारण प्रत्येक क्रियापदाची किंमत तिथे मांडलेली असते. ‘कन्झ्युमेबल्स (वापरून संपणारं साहित्य): दरवर्षी ५ लाख’ अशी गोल ओळ दिसली, की काम डोक्यात तयार नाही हे कळतं. तेल्याचंच घेऊ. २४० नमुने, प्रत्येकाच्या तीन विरलता (कमी-जास्त पातळ केलेली द्रावणं), प्रत्येक विरलतेच्या दोन डिश: १,४४० डिश. एका डिशला २० मिलिलिटर माध्यम, म्हणजे २८.८ लिटर. न्यूट्रिअंट अगार लिटरला २८ ग्रॅम लागतो, म्हणजे ८०६ ग्रॅम. पुन्हा कराव्या लागणाऱ्या चाचण्यांसाठी २० टक्के वाढवले तरी ९६८ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या दोन बाटल्या. माध्यमाचा खर्च असा फार निघत नाही. खर्च निघतो क्रमनिर्धारणात, म्हणजे जनुकांचा क्रम वाचून घेण्यात: ५० संवर्ध, दोन जनुकं, दोन्ही दिशांनी वाचन, एकूण दोनशे वाचनं, गुणिले कोटेशनमधला दर. आणि हे काम बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायचं असेल तर ते कन्झ्युमेबल्समध्ये दडवू नये, ‘आउटसोर्सिंग’ किंवा त्या योजनेत जे शीर्षक असेल त्याखाली स्वतंत्र दाखवावं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. जे लागणार आहे ते उघडपणे आणि कारणासकट मागावं. मंजुरीनंतर एका हेडमधले, म्हणजे खर्चाच्या एका शीर्षकाखालचे, पैसे दुसरीकडे वळवायला संस्थेची परवानगी लागते, आणि त्या पत्रव्यवहारात महिने जातात. कमी मागून काम मिळवू, हा हिशेबही चुकतो. समितीतल्या लोकांना दर माहीत असतात. निम्म्या किमतीत काम होईल म्हणणाऱ्यानं ते काम कधी केलेलंच नाही, असा त्यांचा समज होतो.

माणसांचा पगार मनानं लिहायचा नसतो. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे प्रकल्पावरचा तरुण संशोधक) महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० रुपये. त्यावर घरभाडं, आणि ते शहराच्या वर्गावर ठरतं. पुणे-मुंबई ‘एक्स’ वर्गात, सोलापूर ‘वाय’ वर्गात. ‘वाय’ला २० टक्के धरले तर पहिली दोन वर्षं महिना ४४,४०० आणि तिसऱ्या वर्षी ५०,४००. तीन वर्षांचे १६,७०,४०० रुपये. पुण्याच्या मित्राचं बजेट उतरवून घेतलं तर ३० टक्क्यांनी १८,०९,६०० दिसतील, आणि समितीतला कोणीतरी ‘सोलापूरला हे कसं?’ म्हणेल. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावेत, ते बदलत असतात. आणखी एक गोष्ट लहान गावातल्या महाविद्यालयांनी विसरू नये: नेट किंवा गेट झालेला उमेदवार मिळाला नाही तर जेआरएफची जागा रिकामी राहते आणि कामही. योजनेत मुभा असेल तर त्या जागी प्रोजेक्ट असोसिएट घेण्याची तरतूद आधीच लिहावी.

यंत्रांच्या बाबतीत जुना प्रस्ताव समोर ठेवून नवा लिहिणं महागात पडतं. संशोधन संस्थांना यंत्रांवर पूर्वी ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली. उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरचं कोटेशन ८ लाखांचं असेल, तर जुन्या हिशेबानं ८,४०,००० होतात आणि १८ टक्क्यांनी ९,४४,०००. हे १,०४,००० रुपये नंतर कोणत्याच हेडमधून निघत नाहीत. यंत्र परदेशी असेल तर मंजुरीपर्यंत डॉलर कुठे जाईल, याची तजवीज ठेवावी. स्टॅबिलायझर, हमीचा काळ, तो संपल्यावरचा देखभाल करार हे सगळं कोटेशनमध्येच मागून घ्यावं. जे यंत्र महिन्यातून चार वेळा लागणार आहे ते मागूच नये. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फाजचा आकार पाहायचा, तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सुविधेत शुल्क भरून नमुना तपासून मिळतो. देशातली कोणती यंत्रं कुठे उपलब्ध आहेत हे आय-स्टेम पोर्टलवर पाहता येतं, आणि परीक्षकही ते पाहू शकतो. ओव्हरहेडची रक्कम संस्थेच्या विजेसाठी, जागेसाठी आणि प्रशासनासाठी असते, हे प्राचार्यांशी आधी बोलून ठेवावं. मंजुरीनंतर त्यावरून होणारी कुरबुर टळते.

वेळापत्रकात सगळ्यांत जास्त स्वप्नरंजन चालतं. पहिल्या महिन्यात नमुने, दुसऱ्यात जिवाणू. प्रत्यक्षात मंजुरीचं पत्र येतं, मग निधी येतो. जेआरएफची जाहिरात, मुलाखत आणि रुजू होणं यात तीन महिने सहज जातात. खरेदीला सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, कोटेशनं, खरेदी समिती. पहिल्या सहा महिन्यांत फारसं विज्ञान होत नाही, हे गृहीत धरून लिहिलेला तक्ता खरा वाटतो. तेल्याच्या प्रस्तावात तर निसर्गाचंही वेळापत्रक आहे. रोगाचा जोर पावसाळी हवेत, म्हणजे मृग बहारात. मंजुरी ऑक्टोबरात आली तर तो बहार गेलेला असतो. म्हणून महिन्यांची नावं न लिहिता ‘महिना १ ते ६’ असं लिहावं आणि काम दोन्ही बाजूंनी सुरू होऊ शकेल अशी रचना ठेवावी. मृग बहार सापडला तर नमुन्यांपासून, हस्त किंवा आंबे बहार सापडला तर मातीतल्या फाजांपासून आणि हाताशी असलेल्या संवर्धांवरच्या चाचण्यांपासून. नमुने घेण्याच्या फेऱ्याही मोजाव्यात. दिवसाला पाच बागा, ३० बागांना सहा दिवस, दोन बहारांना बारा. प्रवासखर्चाची ओळ तिथून निघते.

परवानग्या आणि कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग, पण अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतात ते यामुळे. माणसांवरच्या संशोधनाला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. समितीची बैठक दोन महिन्यांनी असेल तर वरातीमागून घोडं होतं. जनुकांमध्ये फेरफार असेल तर जैवसुरक्षा समिती, जिवाणू परदेशात पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण. खासगी संस्थांना एनजीओ दर्पणवरची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब. संस्थाप्रमुखाची सही असलेलं संमतिपत्र ठरलेल्या नमुन्यातच, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. प्राचार्य परगावी असतात, शेवटच्या दुपारी पोर्टल संथ होतं, पीडीएफ ठरलेल्या आकारात बसत नाही. अंतिम तारखेच्या चार दिवस आधी अर्ज गेलेला असावा. आणि त्याआधी निदान दोन आठवडे मसुदा दोन माणसांना द्यावा: एक आपल्या विषयातला, आणि एक अगदी वेगळ्या विषयातला, पदार्थविज्ञानाचा किंवा इतिहासाचा सहकारी. त्याला सारांश वाचून ‘काय करणार आहेत?’ हे एका वाक्यात सांगता आलं नाही, तर दोष लिहिण्यात आहे.

सादरीकरणाला बोलावलं तर दहा मिनिटांसाठी आठ स्लाइड पुरतात. महाविद्यालयाच्या इमारतीचा फोटो आणि स्थापनेचा इतिहास वगळावा. समिती तिसऱ्याच मिनिटाला प्रश्न विचारू लागते. बहुतेक प्रश्न फसण्याबद्दल असतात. जिवाणूंनी फाजांविरुद्ध प्रतिकार कमावला तर? म्हणून तर एकाऐवजी तीन फाजांचं मिश्रण, आणि प्रतिकार किती वारंवार उपजतो हे मोजण्याची चाचणी दुसऱ्या उद्देशातच आहे. उत्तर प्रस्तावात आधीच असलं की बोलताना आवाज स्थिर राहतो.

नकार येतो. चांगल्या प्रस्तावांनाही येतो, कारण पैसा कमी आणि अर्ज फार असतात. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर ते आठवडाभर बाजूला ठेवून मग वाचावेत. ‘परीक्षकाला समजलंच नाही’ असं वाटतं, तेव्हा तो परिच्छेद पुन्हा लिहावा. त्याला समजलं नाही, याचा अर्थ तिथे समजण्यासारखं लिहिलेलं नाही. दोन परीक्षकांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल तर ती जागा नक्की कच्ची आहे. एकानं केलेली आणि आपल्याला न पटलेली सूचना कारण देऊन नाकारायला हरकत नाही. पुन्हा अर्ज करताना काय बदललं ते अर्ध्या पानात स्पष्ट लिहावं. तोवर प्राथमिक माहितीत भर घालावी. विद्यापीठाच्या छोट्या प्रकल्पाच्या पैशांत फाजांची आणखी एक तुकडी वेगळी करता येते, आणि पुढच्या अर्जात फोटोऐवजी तक्ता जातो.

मंजुरी मिळाली की प्रस्तावच कामाचा आराखडा होतो, आणि त्यातली प्रत्येक ओळ हिशेबाला उभी राहते. ३१ मार्चला वर्ष संपतं. जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला) आणि खर्चाचं विवरण गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हप्ता उशिरा आला की जेआरएफचा पगार थांबतो, आणि चार महिने पगार न मिळालेला हुशार मुलगा दुसरी नोकरी धरतो. प्रकल्प फसतात त्यांतले बरेच असे फसतात. म्हणून लेखा विभागातल्या माणसाला अर्ज लिहिण्याच्या टप्प्यावरच बजेटचं पान दाखवावं, हेडची नावं त्याच्याशी जुळवून घ्यावीत आणि खात्यावर जमलेलं व्याज परत करायचं असतं हे त्यालाही माहीत आहे ना, ते पाहावं.

राहिलं एक क्रियापद: जमा करणे. तीन वर्षं संपतात, जेआरएफ पीएच.डी.चा प्रबंध देऊन निघून जातो आणि फाजांच्या कुप्या त्या डीप फ्रीझरच्या खालच्या खणात राहतात. लेबलावरची शाई पुसते. एखाद्या उन्हाळ्यात वीज जाते, जनित्र सुरू होत नाही, आणि सोलापूरच्या तीस बागांतून जमवलेलं सगळं वितळतं. हे टाळायची जागा प्रस्तावातच आहे. शेवटच्या सहा महिन्यांच्या रकान्यात एक ओळ लिहावी: निवडलेले तीन फाज आणि जिवाणूंचे प्रातिनिधिक संवर्ध पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संग्रहात जमा करून त्यांचे नोंदणी क्रमांक अहवालात देणे. त्यासाठीचं शुल्क, शीतपेटीतून पाठवण्याचा खर्च आणि जेआरएफचे पंधरा दिवस बजेटमध्ये आणि वेळापत्रकात आधीच धरावेत.